शुक्रवारच्या भाजीतल्या काड्या

आमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये शुक्रवारी मेथीच्या भाजीत काड्या निघाल्या की समजायचं, गुरुवारी कुणाचा तरी निबंध चांगला झाला. भाजी अगदी कोवळी, नीट निवडलेली, एकही काडी दाताखाली येत नाही, म्हणजे निबंध पडला. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आपल्याकडे जरा काळजीने बघतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही तसंच बघितलं असेल. पण यात खोटं काही नाही. हे सगळं निखाडे सरांमुळे.

निखाडे सर आम्हाला लेखन शिकवतात. हा विषय फारसा कुणी मनावर घेत नाही. गुरुवारी दुपारी, जेवणानंतर, सगळ्यांना झोप येत असते तेव्हा त्याचे दोन तास असतात. सर जुन्या स्कूटरवर येतात. पायाजवळ कापडी पिशवी ठेवलेली असते आणि तिच्यातून मेथीचा पाला बाहेर डोकावत असतो. कानावर पेन्सिल, सुताराच्या असते तशी. नव्या मुलांना वाटतं, हे कँटीनला भाजी द्यायला आले आहेत. एका वर्षी एका मुलानं त्यांना विचारलंही होतं, काका, वांगे कसे दिले. सर म्हणाले, आज फक्त मेथी आहे. मग तासाला तेच सर आत आले, तेव्हा तो मुलगा मागच्या दारानं निघून गेला आणि त्यानं विषयच बदलून घेतला, असं म्हणतात.

त्यांची पद्धत अशी. वर्गात खिडकीजवळ एक खुर्ची आहे. लोखंडी, हिरव्या-पांढऱ्या नायलॉनच्या पट्ट्यांनी विणलेली. ती कॉलेजची नाही, सरांनी घरून स्कूटरला बांधून आणलेली. तिच्यावर आम्ही बसायचं नाही, सरांनीही नाही. ती ऐकणाऱ्याची. दर गुरुवारी सर बाहेरचा एक माणूस धरून आणतात. कधी शिपाई, कधी झेरॉक्सवाला, कधी गेटवर सवारीची वाट पाहणारा ऑटोवाला. बहुतेक वेळा कँटीनच्या बेबीताई. त्या माणसाच्या पुढ्यात मेथीची जुडी आणि परात ठेवायची. एकानं उभं राहून निबंध वाचायचा. ऐकणाऱ्यानं भाजी निवडत ऐकायचं. आणि सर फक्त त्याच्या हातांकडे बघत बसतात.

जिथे हात थांबले, तिथे सर समासात पेन्सिलीनं एक बारीक रेघ मारतात. बस. तेवढेच मार्क. हात थांबलेच नाहीत, तर कागद परत देताना म्हणतात, "हात चालूच आहे गा." मुलगी असेल तर, "हात चालूच आहे वं." यापेक्षा जास्त ते काही बोलत नाहीत. पण मी खरं सांगते, शून्य मार्कांनी एवढं वाईट वाटत नाही.

सुरुवातीला सगळे म्हणायचे, सर घरची भाजी आमच्या तासाला निवडून घेतात. ते खोटं निघालं. निवडलेली भाजी ते कँटीनला देऊन टाकतात आणि शुक्रवारी ती सगळ्या कॉलेजच्या ताटात येते. हात थांबले की काड्या निवडायच्या राहून जातात, त्या तशाच भाजीत जातात. म्हणून ते सुरुवातीचं वाक्य.

मेथीच का, यावरही सरांचं शास्त्र आहे. वाटाण्यावर त्यांचा विश्वास नाही. वाटाणा सोलताना माणूस खुश असतो, त्याला वाटतं निबंध चांगला आहे. लसणानं बोटं चुरचुरतात, त्यात चांगला निबंधही मार खातो. तुरीच्या ओल्या शेंगा दिल्या तर ऐकणारा अर्ध्या खाऊन टाकतो. मेथी मात्र इमानदार, असं सर म्हणतात. तिला लक्ष लागतं, पण थोडंच. उरलेलं लक्ष आपण वाचून मिळवायचं.

एकदा आमच्या प्राचार्यांना वाटलं, स्नेहसंमेलनाचं भाषण आधी कुणाला तरी ऐकवावं. ते स्वतःहून वर्गात आले. बेबीताईंनी त्या भाषणात मेथीच्या दोन जुड्या संपवल्या, मग सरांकडे बघितलं आणि पिशवीतून तिसरी काढली. प्राचार्य भले माणूस, त्यांनी विचारलं, कसं वाटलं. बेबीताई म्हणाल्या, "भाजी बेस झाली सर."

सरांची दुसरी खोड म्हणजे ते आम्हाला नावानं हाक मारत नाहीत. ज्याच्या निबंधावर एकदा तरी हात थांबले, त्याचंच नाव घेतात. तोपर्यंत तालुका. वर्गात दोन काटोल होते, एक उमरेड, एक सावनेर. मी नरखेड. तालुक्यात आमचं छोटं गाव, संत्र्याची चारशे झाडं, घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बाबा गावात सगळ्यांना सांगतात, पोरगी नागपूरले लिहाले शिकून राहिली. लोक विचारतात, मंग बारा वर्षं शाळेत काय करत होती? बाबांना याचं उत्तर येत नाही. मलाही येत नव्हतं. त्यामुळे मला एवढंच हवं होतं की एकदा, फक्त एकदा, माझ्या वाचण्यानं कुणाचे तरी हात थांबावेत. तेवढं झालं तर बाबांना सांगायला उत्तर मिळालं असतं.

पहिला निबंध मी 'माझे गाव' लिहिला. निसर्गरम्य परिसरात वसलेले, असं सुरू केलं होतं. मंदिर यायच्या आधीच बेबीताईंची जुडी संपली.

"हात चालूच आहे वं, नरखेड."

मग मला वाटलं, दुःखाचं लिहावं. दुःखाला कोण थांबणार नाही? म्हणून मी माझ्या आत्याला मारलं. म्हणजे निबंधात. आत्या काटोलला आहे, चांगली ठणठणीत, रोज दोन किलोमीटर चालते. मी तिला दवाखान्यात नेलं, शेवटचं पाणी पाजलं, एकेक ओळ सावकाश वाचली. त्या दिवशी ऐकायला झेरॉक्सवाला होता. त्याचे हात थांबले तर नाहीतच, उलट वाढले. त्याला दुकान उघडायचं होतं. सर म्हणाले, "माणूस मेलं तरी हात चालूच आहे. एकदा थे जिती असताना पाय तिच्याकडे." मला फार लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली की हे आत्याला कळलं तर काय. वर्गात दोन काटोल होते ना.

असं करत दिवाळी गेली, डिसेंबर आला. उमरेडचं नाव सरांनी घेतलं, सावनेरचं घेतलं. एका काटोलचंही. मी नरखेडच राहिले. हॉस्टेलवर मैत्रिणी म्हणायच्या, मार्क तर परीक्षेतच मिळतात, तू कशाला त्या मेथीचं मनावर घेतेस. मी म्हणायचे, नाही घेत. आणि शुक्रवारी भाजीत काडी निघाली की जेवण जात नसे.

डिसेंबरच्या शेवटी मी चार दिवस घरी गेले. तेव्हा आमच्याकडे झाडांना ताण दिलेला असतो. हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. संत्र्याला फुलं यायला हवी असतील तर त्याचं पाणी महिनाभर तोडावं लागतं. झाड तहानतं, पानं वळतात, मलूल होतात. मग पाणी सोडलं की ते एकदम फुलतं. हे लहानपणापासून बघत आले, त्यामुळे त्यात लिहिण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. यावेळी फक्त सरांचं ते वाक्य डोक्यात होतं, जिती असताना पाय. म्हणून मी बाबांकडे बघितलं.

परत येऊन मी जे लिहिलं ते दीड पानाचं होतं. जानेवारीतल्या गुरुवारी मी ते वाचलं. खुर्चीवर बेबीताई होत्या. निबंध असा होता की, ताणाच्या महिन्यात माझे बाबा मळ्यातून सरळ येत नाहीत, बांधावरून लांबचा फेरा घालून येतात, कारण झाडांसमोरून जाववत नाही. मोटरच्या खोलीला कुलूप लावून ते चाबी आईकडे देतात आणि बजावतात, मी मागितली तरी देजो नको. आई ती पदराला बांधते. विसाव्या दिवशी सकाळी बाबा चुलीजवळ येऊन बसले. थोडा वेळ थंडीबद्दल बोलले. मग म्हणाले, चाबी दे बरं, फक्त मोटर चालते का नाही थे पायतो.

मी श्वास घ्यायला थांबले. वर्गात काहीतरी बदललं होतं, ते काय ते मला लगेच कळलं नाही. मग कळलं. मेथी खुडल्याचा तो बारीक टुक-टुक आवाज येत नव्हता. बेबीताईंच्या हातात एक काडी तशीच वर धरलेली होती.

"मंग?" त्या म्हणाल्या. "देल्ली का चाबी?"

मी म्हटलं, नाही दिली. आई म्हणाली, मोटर चांगली आहे, तुमचंच काही खरं नाही. सगळे हसले. पुढचं मला नीट वाचता आलं नाही, पण वाचलं.

सरांनी रेघ मारली. कागद मला दिला. नेहमीचं वाक्य म्हणायला जागा नव्हती, त्यामुळे ते जरा अडकले. मग म्हणाले, "बस प्रणाली."

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सगळे कुरकुर करत होते. एका मुलानं ताटाच्या कडेला काड्यांचा ढीग रचला होता. मी दोनदा भाजी घेतली. संध्याकाळी बाबांना फोन केला, निबंध वाचून दाखवला आणि म्हटलं, आता कुणी विचारलं तर सांगा, बारा वर्षं लिहायला शिकले, आता ऐकवायला शिकून राहिले. बाबा म्हणाले, बरं. मग फोन ठेवता ठेवता म्हणाले, चाबीचं नको सांगत जाऊ लोकाले.

इथे हे संपायला पाहिजे होतं. मी तर असंच ठरवलं होतं, की सरांवर लिहिताना इथपर्यंत लिहायचं. पण फेब्रुवारीत एका गुरुवारी सर आले नाहीत. ताप होता, असं ऑफिसमध्ये कळलं. आम्ही खुश होऊन कँटीनला गेलो, तर बेबीताई पदर खोचून तयार उभ्या. म्हणाल्या, सरांनी सकाळी फोन करून मेथी घ्यायला सांगितली होती, मग दुपारी येत नाही म्हणाले. दोन जुड्या पडल्या आहेत. वाया काहून घालवायच्या. घरी नेऊन देतो, तू चाल संगं, प्रणाली.

सरांचं घर महालात, नागपूरच्या जुन्या वस्तीत आहे. गल्ली एवढी अरुंद की समोरून स्कूटर आली तर आपण कुणाच्या तरी दारात चढायचं. खाली शिलाईचं दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर सर. आम्हाला बघून ते एवढे गोंधळले की शाल सोडून आधी चहा ठेवायला धावले. पहिली खोली लहान होती. एक पलंग, भिंतीवर एका बाईंचा फोटो, आणि खिडकीजवळ एक खुर्ची. लोखंडी, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची. मी ओळखली. वर्गात आहे तिची जोड.

टेबलावर कागदांचे दोन गठ्ठे होते. सर आत होते म्हणून मी बघितले. बघायला नको होते, पण बघितले. दोन्ही सरांच्या अक्षरात. पहिल्या गठ्ठ्याचे कागद पिवळे पडलेले, आणि समासात जागोजागी पेन्सिलीच्या बारीक रेघा. दुसरा गठ्ठा नवा. त्यात समास कोरे. मी वरचे दहा-बारा कागद चाळले. एकही रेघ नाही.

सर चहा घेऊन आले आणि त्यांनी मला कागद हातात धरलेलं पाहिलं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "काही खास नाही. असंच."

मग बेबीताईंनीच विचारलं, फोटोकडे बघत. सर सांगत गेले, थोडं थोडं. बाईंचं नाव सुमन. चौथी शिकलेल्या. लग्नानंतर एकदा सरांनी त्यांना काहीतरी लिहिलेलं वाचून दाखवलं, तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. कसं वाटलं विचारलं तर म्हणाल्या, मले काय समजते त्याच्यातलं. पण मध्येच एका जागी त्यांचे हात थांबले होते, ते सरांनी पाहिलं होतं. तेव्हापासून पस्तीस वर्षं, सर जे लिहीत ते त्यांना वाचून दाखवत. कुठे पाठवलं नाही, छापलं नाही. गरज वाटली नाही. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या.

"लिहीत असतो अजून," सर म्हणाले. "पण कुठं बरं झालं, थे काही समजत नाही."

बोलता बोलता ते उठले आणि आत जाऊन पुन्हा चहा ठेवू लागले. आम्ही नको म्हणेपर्यंत दुसरा कप आला. तो संपेपर्यंत तिसऱ्याची तयारी. बेबीताई शेवटी आत गेल्या, गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "गॅस काहून जाळून राहिले सर उगाच? बसा पलंगावर." सर बसले, पण चुळबुळत.

बेबीताईंनी जमिनीवर पेपर अंथरला, एक जुडी सोडली आणि माझ्यासमोर ठेवली. मग नव्या गठ्ठ्यातला वरचा कागद उचलून सरांच्या हातात दिला.

"वाचा."

सर म्हणाले, ताप आहे, घसा बसला आहे. चष्मा सापडत नाही. चष्मा डोक्यावर होता.

"वर्गात पोट्ट्याइले असं पळू देता का?" बेबीताई म्हणाल्या.

मग सरांनी वाचलं. उभं राहून वाचलं, आम्ही वर्गात वाचतो तसं. मला जेवढं आठवतं तेवढं लिहिते. आमचं गॅसचं कनेक्शन सुमनच्या नावावर आहे. सिलिंडर आलं की तो माणूस खालूनच ओरडतो, सुमन निखाडे! अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. मी गॅलरीतून सांगतो, आहे, आहे, या वर. तिचा मोबाईल मी चार्ज करून ठेवतो, कारण त्याच्यावर चार आकडे येतात आणि ते सांगितल्याशिवाय तो सिलिंडर देत नाही. पोरगा पुण्याहून सांगतो, कागद देऊन नाव बदलून घ्या. त्याचं बरोबर आहे. पण एकट्या माणसाला एक सिलिंडर पाच महिने पुरतं. पाच महिने या घरात तिचं नाव कुणी घेत नाही. म्हणून मी चहा वाढवला आहे.

मी सरांच्या तोंडाकडे बघत होते. ते वाचायचे थांबले होते आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे नाही, खाली, पेपरवरच्या मेथीकडे. मी पण खाली बघितलं. माझ्या बोटांत एक काडी होती. ती केव्हापासून होती, मला सांगता येणार नाही.

सरांनी कानावरची पेन्सिल काढली. समासात रेघ मारली.

आतून खटका वाजला. बेबीताईंनी मघाशी बंद केलेला गॅस पुन्हा पेटवला होता. चहाचं आधण ठेवलं होतं, मोठ्या गंजात.

सरांनी पुढे आणखी तीन कागद वाचले. त्यातला एक मला आवडला नाही, आणि मला वाटतं ते त्यांना माझ्या हातांवरून कळलं, कारण तो त्यांनी अर्ध्यातच ठेवून दिला आणि स्वतःशीच म्हणाले, हात चालूच आहे. असं म्हणताना त्यांना इतका आनंद झालेला मी वर्गात कधी पाहिला नव्हता.

आता गुरुवारचे दोन तास झाले की आमच्यातलं कुणी तरी आळीपाळीने महालात जातं. एकदा उमरेड, एकदा सावनेर. त्यांची खरी नावं आहेत, पण सवय झाली. हे लिहितानाही मला वाटत राहतं की वाचणारा समोर परात घेऊन बसला आहे आणि त्याचे हात चालूच आहेत. तसं असेल तर ती माझी चूक आहे, सरांची नाही.

त्या दिवशी निघायच्या आधी बेबीताईंनी तीच मेथी परतली, दोन भाकरी केल्या आणि सरांना वाढलं. सर पलंगावर मांडी घालून जेवायला बसले. दुसऱ्या घासाला थांबले. तोंडातून एक काडी काढली, चष्मा वर करून तिच्याकडे पाहिलं आणि ताटाच्या कडेला ठेवली. मग आणखी एक निघाली. तीही तिच्या शेजारी नीट ठेवली.

मग ताट पुढे करून म्हणाले, "भाजी वाढा जरा, बेबीताई."